उजवा दिसलेला डावा पाय

पायांच्या दवाखान्यात येणारी माणसं त्याला 'डोंगरवाले सर' म्हणत. तो डॉक्टर नव्हता, आणि कोणी नुसतं 'मशीनवाला' म्हटलं तर त्याला आवडायचं नाही. हे लोकांना न सांगताही कळायचं. पेशंटला चपला काढायला लावून जमिनीवर अंथरलेल्या काळ्या रबरी चटईवरून चालवायचं आणि मग संगणकाच्या पडद्यावर त्याला त्याचाच पाय दाखवायचा, हे त्याचं काम. चटईच्या पोटात शेकडो बारीक सेन्सर होते. पाय जिथे जोरात टेकेल तिथला आकडा मोठा, जिथे हलका तिथला लहान. त्या आकड्यांचं चित्र पडद्यावर एखाद्या डोंगराळ मुलुखासारखं उभं राहायचं. टाचेचा गोल लाल डोंगर, चवड्याची लांबट रांग, बोटांच्या पाच टेकड्या आणि मधे तळव्याच्या कमानीची निळी दरी. त्या चित्रावरून शेजारच्या खोलीतला सोलवाला बुटात घालायचे मऊ सोल तयार करायचा. जिथे डोंगर उंच तिथे सोल घासून खोलगट करायचा, म्हणजे दुखऱ्या जागेवरचा भार उतरायचा.

"हा बघा, तुमचा हा डोंगर फार वाढलाय," असं म्हणून तो पेनाचं टोक पडद्यावर ठेवायचा. "हा आपण उतरवू."

लोकांना एक्स-रे कळत नाही, पण डोंगर कळतो. माणसं समाधानाने मान डोलवायची आणि घरी जाऊन सांगायची, आज आमच्या पायाचा डोंगर बघितला.

त्याला खरं तर भौतिकशास्त्रात संशोधन करायचं होतं. प्रवेश मिळाला नाही. मग काही वर्षं मुलांच्या शिकवण्या घेतल्या, एका प्रयोगशाळेत काचेची भांडी मोजली, आणि शेवटी 'मशीन चालवणारा पाहिजे' ही जाहिरात वाचून इथे आला. साडू मोठ्या कंपनीत साहेब होता. सासरी सगळे जमले की पुरुषमंडळी साडूला जगाचं कसं चाललंय ते विचारायची आणि ह्याच्या हातात कोणाचा तरी अडकलेला फोन द्यायची. तो फोन नीट करून द्यायचा. हसायचाही. पण आत कुठेतरी ते कुसळासारखं टोचत राहायचं.

मग एकदा चटईबरोबर आलेला जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चालेनासा झाला. बनवणारी कंपनी केव्हाच गाशा गुंडाळून गेली होती. दवाखान्याच्या मॅडम, म्हणजे मुख्य डॉक्टर, चटई भंगारात काढायच्या विचारात होत्या. ह्याच्या तोंडून निघून गेलं, "मी बघतो."

प्रोग्रामिंग त्याला येत नव्हतं. व्हिडिओ बघून, लोकांच्या चर्चा वाचून, चुकतमाकत तो शिकला. चटईतून आकडे बाहेर काढायला तो लवकर शिकला, पण आकड्यांचा पृष्ठभाग काही पडद्यावर उभा राहीना. आधी नुसती लाल अक्षरं यायची: लांबी-रुंदीची मापं जुळत नाहीत. मापं जुळवली तर सगळा पाय सपाट, ताटासारखा, आणि मधोमध एकच सुई आभाळाला टेकलेली. ती भानगड एका बिघडलेल्या सेन्सरची निघाली; तो भलताच मोठा आकडा पाठवत होता आणि त्याच्यापुढे बाकीचे डोंगर मुंगीएवढे झाले होते. तो आकडा काढला तर तिथे भोक पडलं. शेजारच्या आकड्यांची सरासरी घेऊन भोक बुजवलं. आणि एका सकाळी, दवाखाना उघडायच्या आधी, पडद्यावर खरोखरचा पाय उभा राहिला. पाच टेकड्या, दरी, टाच. फक्त बोटं खाली आणि टाच वर होती. एवढंच ना? त्याने चित्र अर्धा फेरा फिरवलं. बोटं वर आली.

अजून एक खटकत होतं. मशीनबरोबर कोण्या अनोळखी माणसाच्या पावलांची एक नमुना फाइल आली होती, तीच तो वापरत होता. 'डावा' असं नाव असलेल्या फाइलीतून उजव्यासारखा पाय निघत होता. अंगठा डावीकडे. त्याने थोडा विचार केला. चटई पायाला खालून बघते, आपण वरून बघतो. म्हणजे मशीनचीच नावं उलटी असणार. त्याने प्रोग्राममध्ये एक ओळ टाकून नावांची अदलाबदल केली आणि शेजारी टीप लिहिली, 'मशीन उलटं सांगतं, म्हणून.'

आता सगळं जागच्या जागी दिसत होतं. बूट काढून चटईवर एकदा आपला पाय ठेवून बघावं, हे त्याला सुचलं नाही. सुचलंही असेल, पण आनंदाच्या भरात माणूस दार वाजलं तरी उघडत नाही.

मॅडमनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. सोलवाल्याने पाठीवर थाप मारली. पण खरा डांगोरा पिटला तो त्याच्या सासूबाईंनी.

सासूबाई कापडाच्या कामातल्या. एका मोठ्या शिवणाच्या दुकानात त्या कटिंगचं काम करायच्या. कमरेएवढं उंच लाकडी टेबल, त्यावर पसरलेलं कापड, हातात जड कात्री, आणि दिवसभर उभं राहणं. नवरा लवकर गेल्यावर त्यांनी ह्याच टेबलाशी उभं राहून दोन मुली वाढवल्या होत्या. दुकानात त्यांना सगळे 'मास्तरीणबाई' म्हणत. गिऱ्हाईक उभं राहिलं की त्या टेप न लावता नजरेनेच माप सांगत, आणि गिऱ्हाइकाने विचारलं नसलं तरी हेही सांगत, "आमचे धाकटे जावई संगणकाचे प्रोग्राम लिहितात. माणसाच्या पायाचा नकाशा काढतात."

नुसतं जावई न म्हणता त्या 'धाकटे जावई' म्हणायच्या, आणि हे साडूच्या कानावर जातं हे ह्याला माहीत होतं. त्या दिवसांत त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग सासूबाईंचा पाय दुखायला लागला. डावा पाय, चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी. उभं राहिलं की निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं व्हायचं. तो स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन आला, खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळ्यांशी ओळख करून दिली. त्या चटईवरून अशा जपून चालल्या की जणू कोणाचं महागाचं कापड तुडवतायत.

पडद्यावर दोन पाय उभे राहिले. डावा अगदी सौम्य. उजव्याच्या चवड्यावर लालभडक सुळका.

"उजवा?" सासूबाई पुढे वाकून म्हणाल्या. "अहो, पण दुखतो तो डावा."

क्षणभर तोही थबकला. मग त्याचं शिकलेलं डोकं कामाला लागलं. "आई, असंच असतं," तो म्हणाला. "तुम्ही नकळत सगळा भार उजव्यावर टाकता. त्यामुळे चालण्याचा तोल जातो आणि दुखणं डाव्यात उमटतं. रोग एकीकडे, कळ दुसरीकडे. उजवा सुधारला की डावा आपोआप थांबेल."

ते त्याने त्या क्षणी रचलं होतं, पण बोलता बोलता त्याला स्वतःलाच पटलं. मॅडमनी चित्र पाहिलं, सुळका पाहिला आणि सही केली. सोलवाल्याने उजवा सोल मऊ, खोलगट केला. डावा साधाच ठेवला.

सोल घातल्यावर सासूबाईंचं दुखणं वाढलं. उजवा पाय मऊ गादीत आणि डावा कडक फळीवर, असं ते चालणं. पहिल्यांदा त्यांनी फोनवर हळूच सांगितलं. तो म्हणाला, वेळ लागतो. दुसऱ्यांदा त्यांनी मुलीकरवी विचारलं. तो म्हणाला, व्यायाम करत नसतील. तिसऱ्यांदा विषय निघाला तो सगळं घर जमलेलं असताना, साडूच्या दिवाणखान्यात. साडू सहज म्हणाला, "आई, एखाद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवू या का?"

ह्याच्या डोक्यात सणक गेली. "दाखवा ना," तो म्हणाला. "पण सोल नीट वापरलेच नाहीत तर डॉक्टर काय जादू करणार? ह्यांना दिलेलं वापरायला नको, नुसतं दुखतं दुखतं म्हणायला हवं. मशीनला काय ह्यांच्याशी वैर आहे?"

सासूबाईंनी पाय साडीच्या काठाखाली ओढून घेतले. "नाही हो, वापरते मी," त्या म्हणाल्या. "आता बरं वाटतंय. खरंच."

त्यानंतर त्यांच्या तोंडून पायाचं नाव निघालं नाही, आणि त्याने ते बरं झाल्याचं लक्षण मानलं.

पुढे बरेच महिने गेले. एक दिवस एक ट्रकचालक दवाखान्यात आला. दांडगा, हसऱ्या तोंडाचा माणूस. कधीतरी लोखंडी पेटी पायावर पडून त्याच्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं होतं. बुटात पाय घसरतो म्हणून सोल हवे होते. तो चटईवरून ये-जा करून पडद्यासमोर उभा राहिला आणि बघता बघता खो खो हसायला लागला.

"सर, कमाल आहे तुमच्या मशीनची! माझी गेलेली बोटं परत आणली की! पण मग उजवीकडची दोन का नेली? हिशेब चुकता करायला?"

बाहेरच्या बाकावरची माणसंही हसली. पडद्यावर डाव्या पायाला पाच टेकड्या होत्या. उजव्याला तीन.

"मशीन जरा तापलंय," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर चहा घेऊन या."

माणूस गेल्यावर त्याने दार लावलं. बूट काढला, मोजा काढला, आणि टेबलाचा कोपरा धरून चटईवर फक्त डावा पाय ठेवला. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा तो एका पायावर उभा होता. पडद्यावर त्याचा पाय उमटला. वर नाव आलं: 'उजवा'.

चूक शोधायला त्याला वेळ लागला नाही. शोधण्यासारखं काही नव्हतंच. फाइलीत आकड्यांची पहिली ओळ बोटांची असते. कागदावर पहिली ओळ वर येते, पण आलेख खालून वर मोजतो. म्हणून पहिली ओळ तळाशी जायची आणि बोटं खाली यायची. चित्र फिरलेलं नव्हतं; पाण्यातल्या सावलीसारखं उलटलेलं होतं. फिरलेलं चित्र फिरवून सरळ होतं. उलटलेलं फिरवलं तर ते सरळ दिसतं खरं, पण त्याचं डावं-उजवं बदलूनच बसतं. त्याने ते फिरवलं होतं, आणि उजवा दिसणाऱ्या डाव्या पायाला वर 'उजवा' हे नावही स्वतःच्या हाताने दिलं होतं. मशीन पहिल्यापासून खरं सांगत होतं.

'मशीन उलटं सांगतं, म्हणून.' ती टीप आणि नावं बदलणारी ओळ त्याने पुसली. कान गरम झाले होते. खोलीत कोणी नव्हतं, तरी त्याने मागे वळून पाहिलं.

दुरुस्ती एका शब्दाची होती. ट्रकचालक चहा पिऊन परत आला, पुन्हा चालला, आणि ह्या वेळी डाव्या पायाला तीन टेकड्या आल्या.

"झालं बरं तुमचं मशीन?" त्याने विचारलं.

"झालं," तो म्हणाला. मान वर न करता.

ज्यांचे दोन्ही पाय सारखेच, त्यांना ह्या अदलाबदलीने फारसा फरक पडला नव्हता, आणि असेच पेशंट जास्त होते. म्हणूनच इतके महिने कोणाच्या ध्यानात आलं नाही. पण ज्यांचा एकच पाय दुखायचा, त्यांच्या चांगल्या पायावर इलाज झाला होता. त्या माणसांचे चेहरे एकेक करून त्याच्या डोळ्यांसमोर यायला लागले. टाच धरून बसणारी शाळेतली बाई. पोस्टातले गृहस्थ. 'अजून दुखतंय' म्हणून परत आलेल्या प्रत्येकाला त्याने 'वेळ लागतो' म्हणून वाटेला लावलं होतं. जे पुन्हा आलेच नाहीत ते बरे झाले असं धरून चालला होता. आणि सगळ्यांच्या शेवटी, पुढे वाकून पडद्याकडे बघणाऱ्या सासूबाई. अहो, पण दुखतो तो डावा.

त्याच दिवशी सांगून टाकलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण मॅडमच्या खोलीत गेल्यावर त्याच्या तोंडून भलतंच निघालं. "मॅडम, मी प्रोग्रामची नवी आवृत्ती केलीय. जास्त अचूक आहे. एका पायाच्या तक्रारीचे जुने पेशंट बोलावून पुन्हा तपासू या का?"

मॅडम खूश झाल्या. "छान कल्पना आहे! फुकट करू. लोकांना बरं वाटेल."

लोकांना बरं वाटलं, आणि तिथेच त्याची पंचाईत झाली. शाळेतली बाई नवे सोल घालून दोन फेऱ्या मारून आली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजकाल कोण एवढं करतं हो? काम झालं की ओळखही विसरतात. तुम्ही आठवणीने फोन केलात." तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला तो सोडवूनही घेता येईना. कोणी थोबाडीत मारली असती तर तो निमूट उभा राहिला असता. पण हे सहन होईना. तो स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून उभा राहिला.

सासूबाईंना फोन करायचा धीर झाला नाही. तो थेट दुकानात गेला, दुपारी. उंच टेबलाशी दुसराच कोणी कात्री चालवत होता. सासूबाई मागच्या बाजूला, खिडकीखाली, एका बुटक्या स्टुलावर बसून शर्टांना बटणं लावत होत्या. त्याला बघून त्यांनी पाय पटकन स्टुलाखाली घेतले.

"अगंबाई, तुम्ही? ह्या वेळी?"

"आई, तुम्ही इथे कशा? टेबल?"

"वय झालं आता. बसून बरं असतं," त्या म्हणाल्या.

दुकानाचा मालक पुढून ऐकत होता. तो म्हणाला, "वय कसलं? पाय! उभंच राहवत नाही त्यांना. मी म्हणतो, घरात एवढा तज्ज्ञ माणूस असून बाईंची ही दशा?"

"त्यांना काही बोलू नका," सासूबाई फटकन म्हणाल्या. मालकाशी त्या आवाजात बोलताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं. "त्यांनी सगळं केलं माझ्यासाठी. माझाच पाय हट्टी, त्याला ते काय करणार?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. सांगायचं म्हणून तो आला होता. शब्द ओठांवर होते. पण मालक बघत होता, नवा कटिंगवाला बघत होता, आणि सासूबाई त्याच्याकडे असं बघत होत्या की जणू त्याची अब्रू राखल्याचा त्यांना आनंद झालाय. "नवं मशीन आलंय, या एकदा," एवढंच पुटपुटून तो बाहेर पडला.

संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. चित्र, नावं, ट्रकचालक, मॅडमशी बोललेलं खोटं, दुकान. ती हातातलं ताट पुसतच राहिली. कोरडं झालेलं ताट ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

"तू त्या दिवशी सगळ्यांसमोर तिला बोललास ना," ती शेवटी म्हणाली, "त्यानंतर ती घरातही ते सोल घालून फिरायची. मी म्हटलं, आई, दुखतंय तर काढ. तर म्हणाली, मी काढले आणि त्यांनी विचारलं, तर काय सांगू? मावशीने ते सोल फेकून दे म्हटलं, तर तिच्याशीही भांडली. सख्ख्या बहिणीशी. तुझ्यापायी."

"मी…"

"मला सांगून काय होणार? माझा पाय नाही दुखत." तिने ताट आपटलं नाही. जपून फडताळात ठेवलं. ते जास्त लागलं त्याला.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला आणि उभ्या उभ्याच खरं सांगून मोकळा झाला. मोकळा कसला; बोलून झाल्यावर आणखीच जड वाटायला लागलं. मॅडमनी जुन्या पेशंटच्या फाइली पुढे ओढल्या. "सह्या माझ्या आहेत," त्या म्हणाल्या. "पेशंट डावा म्हणत होता आणि मी पडद्यावरचा उजवा बघत होते. त्याचं मी बघेन. पण त्यांना बोलावताना तुम्ही त्यांचे आभार घेतलेत. ते परत द्या. एकेकाला फोन करायचा आणि सांगायचं, आमची चूक होती. नवी आवृत्ती वगैरे नाही. चूक."

त्याने केले फोन. पोस्टातले गृहस्थ 'ठीक आहे' म्हणाले आणि पुन्हा कधी आले नाहीत. एकाने दवाखान्यात येऊन सगळ्यांदेखत त्याचा उद्धार केला. शाळेतली बाई नुसती "अच्छा" म्हणाली. आधी पाणावलेला तो आवाज एका शब्दात कोरडा झाला. दवाखान्यात 'डोंगरवाले सर' ही हाक बंद झाली असं नाही, पण ती कानावर आली की आता तो आधी हाक मारणाऱ्याचे पाय बघायचा.

सासूबाईंकडे तो सुट्टीच्या दिवशी, एकटा गेला. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, भिंतीशी कापडाच्या चिंध्यांची टोपली. त्याने बसायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण बसलो तर सांगणार नाही ही भीती. प्रोग्राममधलं त्यांना काय सांगावं, ह्याचा तो वाटेत विचार करत आला होता.

"आई, बाही कापताना कापड उलटं पडलं, तर डावी बाही उजवी होते ना? मग ती टेबलावर कितीही गोल फिरवली तरी डावी होत नाही. ती उलटावीच लागते. मी तसं केलं. नुसती फिरवत बसलो. आणि वर तिला उजवी म्हणून चिठ्ठी लावली. लाल दिसत होता तो तुमचा डावाच पाय होता."

सासूबाई ऐकत राहिल्या. त्या आता ओरडतील, रडतील, निदान तोंड फिरवतील, असं त्याला वाटलं. त्यांनी डावा पाय उचलून दुसऱ्या गुडघ्यावर घेतला आणि चवड्यावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दुखत होतं ते खरंच होतं?"

त्याने मान हलवून हो म्हटलं.

"मला वाटायला लागलं होतं, माझंच काहीतरी बिनसलंय. मशीनला दिसत नाही म्हणजे दुखत नसणारच. मी उगीच लाड करून घेते पायाचे. टेबल सोडलं ना, तेव्हा मला पायापेक्षा त्याचीच जास्त लाज वाटली. लोक म्हणतील, हिला काम नको झालंय." त्या हसल्या, पण डोळे त्यात नव्हते. "मी धाकट्या बहिणीशी भांडले. ती म्हणायची, दुखतंय ना, मग दुखतंय."

"आई, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो…"

"बोललात खरे." त्यांनी ते पुसून टाकलं नाही. "लागलं मला ते."

मग तो म्हणाला, "उद्या येता? आता मशीन बरोबर आहे. मी स्वतः उभा राहून सोल करवून घेतो."

सासूबाईंनी पाय खाली ठेवला. "राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊन सांगितलंत, हेही कमी नाही. पण आता पाय मी दुसरीकडे दाखवते. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटलंच. पण त्यांना तसं म्हणायचा हक्क होता, आणि तो न मागता मान्य करणं एवढंच त्याच्या हातात उरलं होतं. "मी घेऊन जाईन तुम्हाला," तो म्हणाला. "आत येणार नाही."

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक इस्पितळ होतं. तो त्यांना स्कूटरवरून घेऊन गेला आणि इतर नातेवाइकांसारखा बाहेरच्या बाकावर चपला सांभाळत बसला. आतून कोणाचा तरी आवाज आला, "बघा मावशी, हा तुमचा डावा पाय." सासूबाई म्हणाल्या, "नक्की डावाच ना? एकदा बघून घ्या." तो आवाज हसला. बाहेर बसलेल्याचे कान पुन्हा गरम झाले.

पाय पूर्ण बरा व्हायचा नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. इतके दिवस भार पडून सांधा झिजला होता. तरी नव्या सोलांनी बराच फरक पडला. सासूबाई सकाळच्या वेळी पुन्हा टेबलाशी उभ्या राहायला लागल्या. दुपारनंतर बटणं. मालकाने अर्धं टेबल त्यांना दिलं, अर्धं नव्या माणसाला. आपण पुन्हा पूर्वीसारख्या होणार नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि ह्यालाही.

साडूच्या घरी पुढच्या वेळी सगळे जमले तेव्हा ह्याने स्वतःहून विषय काढला. तेवढ्याच मोठ्या आवाजात, त्याच दिवाणखान्यात. त्याची चूक होती, आईंचं बरोबर होतं. साडूने काही विचारलं नाही. समजूतदारपणे दुसरीकडे बघितलं. तो समजूतदारपणा पचवणं टोमण्यापेक्षा अवघड गेलं. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. लाज त्याची, पण खाली मान त्यांची.

दुकानात त्या आता गिऱ्हाइकांना जावयाबद्दल काही सांगत नाहीत. एकदा तो डबा द्यायला गेला असताना कोणीतरी विचारलं, "हे कोण?" त्यांनी कात्री थांबवली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आमचे धाकटे जावई. पायांच्या दवाखान्यात असतात." पुढे काही बोलल्या नाहीत. कापडावर खडूची रेघ ओढायला लागल्या.

तो डबा ठेवून दवाखान्यात परत गेला. बाहेर पेशंट थांबले होते. पहिल्याला आत घेऊन त्याने चपला काढायला लावल्या आणि म्हणाला, "आधी सांगा, दुखतोय कुठला? हात लावून दाखवा."

"हा," माणूस म्हणाला.

"बरं," तो म्हणाला, आणि मग त्याने पडदा सुरू केला.